बारवेत सापडलेला लांब किडा नारूचा असू शकतो का?

प्रश्न – जिंतूरकर (जि. परभणी)

नमस्कार. आमच्या गावात एक जुनी दगडी बारव आहे. वालूरच्या गावकऱ्यांनी त्यांची बारव मोकळी केल्यापासून आमच्याकडच्या तरुणांच्याही मनात ते काम होते आणि यंदा उन्हाळ्यात आम्ही गाळ उपसायला घेतला. तळाशी गुडघाभर पाणी उरले असताना खालच्या पायरीच्या सांदीतील शेवाळात एक जिवंत किडा दिसला. तो वीतभराहून थोडा अधिक लांब, सुतळीहून बराच बारीक आणि काळपट तपकिरी रंगाचा आहे. दोन्ही टोकांकडे त्याची जाडी फारशी कमी होत नाही आणि तो सतत स्वतःभोवती वेटोळी घालून गाठ मारल्यासारखा होतो.

बाटलीत घालून वर आणल्यावर गावातील वडीलधाऱ्यांनी तो नारू, म्हणजे पूर्वी पाण्यातून माणसाच्या अंगात जाणारा लांब परजीवी किडा, असल्याचे ठामपणे सांगितले. आमच्या आजीच्या घोट्याजवळ नारूचा वण आजही आहे, त्यामुळे तिचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. आता येत्या ग्रामसभेत बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद कराव्यात, असा विषय येणार आहे. हा किडा खरोखर नारूचा आहे का, नसेल तर तो कशाचा आहे, आणि साफ केलेल्या बारवेमुळे नारू परत येण्याचा धोका कितपत आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र (नांदेड)

आपण केलेल्या वर्णनावरून हा नारू नाही, असे मी पुरेशा खात्रीने म्हणतो. त्याचे मुख्य कारण किड्याच्या रूपात नसून तो जिथे सापडला त्या जागेत आहे. नारूची पूर्ण वाढलेली मादी पाण्यात मोकळी फिरत नाही. तिचे आयुष्य माणसाच्या त्वचेखाली जाते, आणि पाण्यात उतरतात त्या तिच्या अळ्या, ज्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. शिवाय नारू पांढुरका असतो, शिजलेल्या शेवईसारखा. त्याची जाडी दीड-दोन मिलिमीटर आणि लांबी अनेकदा ६० सेंटिमीटरपासून थेट एक मीटरपर्यंत भरते. काळपट, ताठर, गाठी मारणारा आणि पाण्यात सुखाने पोहणारा वीतभर किडा या वर्णनात बसत नाही.

आपल्या बाटलीतील प्राणी बहुधा हॉर्सहेअर वर्म या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातील आहे. गॉर्डियस आणि कॉर्डोडिस ही त्यातील परिचित नावे. तोही परजीवीच आहे, पण कीटकांचा, आणि माझ्या मते परजीवीशास्त्रातील अत्यंत रंजक प्रकरणांपैकी एक. त्याची सूक्ष्म अळी पाण्यातील लहान कीटकांच्या अंगात कोश करून स्वस्थ बसते. त्या कीटकाला पंख फुटून तो पाण्याबाहेर आला आणि एखाद्या रातकिड्याने किंवा प्रार्थनाकीटकाने त्याला खाल्ले, की अळी नव्या यजमानाच्या पोटात दुमडून दुमडून वाढू लागते. वाढ पूर्ण झाली, की एरवी पाण्यापासून दूर राहणारा तो रातकिडा पाण्याकडे ओढला जातो, पाण्यात पडतो आणि त्याच्या स्वतःच्या अंगाहून कितीतरी लांब किडा त्याच्या पोटातून सरकत बाहेर येतो. त्यानंतर तो काहीही खात नाही. पाण्यात जोडीदार शोधणे आणि अंडी घालणे एवढेच त्याचे काम उरते. माणूस, गाय, म्हैस किंवा शेळी यांना त्याच्यापासून आजार होत नाही.

आता नारूच्या, म्हणजे ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिसच्या, जीवनचक्राकडे वळू, कारण ग्रामसभेत आपल्याला त्याचाच उपयोग होणार आहे. त्वचेखालील मादी बहुधा पायाच्या खालच्या भागात येऊन तेथे फोड उठवते. त्या फोडाची विलक्षण आग होते. ती शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो, फोड फुटतो आणि पाण्याचा स्पर्श होताच मादी लाखो अळ्या सोडते. या अळ्या पाण्यात जेमतेम काही दिवस जगतात. तेवढ्या अवधीत सायक्लॉप्स या बारीक जलचराने त्यांना गिळले तरच पुढची वाट मोकळी होते. सायक्लॉप्सच्या शरीरात सुमारे दोन आठवड्यांनी अळी संसर्गक्षम होते आणि तो सायक्लॉप्स पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला, की जठररसाने सायक्लॉप्स मरतो, अळी मात्र सुटून आतड्याच्या भिंतीतून आरपार जाते. नर-मादीचे मीलन झाल्यावर नर मरतो आणि मादी पाणी प्यायल्यापासून साधारण वर्षभराने पुन्हा त्वचेशी येते. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेन्को यांनी १८७०च्या सुमारास मध्य आशियातील तुर्कस्तानात दाखवून दिला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, की नारूला आपल्या भागात दोन घटना लागोपाठ घडाव्या लागत: नारू फुटलेला पाय पिण्याच्या पाण्यात पडणे, आणि तेच पाणी न गाळता पिणे. भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. मादीचे आयुष्य साधारण वर्षभराचे असल्याने आज कोणाच्या अंगात जुना नारू दबा धरून बसलेला असणे शक्य नाही, आणि बारवेच्या गाळातही त्याचे बी राहत नाही. पाय पाण्यात बुडवायला नारूचा रुग्णच नाही, तर बारवेतून नारू येईल कोठून?

किड्याची खात्री करून घ्यायची असेल तर तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. परभणी आणि उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत परजीवीशास्त्राचे अध्यापन होते आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठात प्राणिशास्त्र विभाग आहे. यांपैकी कोठेही तो दाखवता येईल. फॉर्मॅलिन हाताशी असले तरी अननुभवी व्यक्तीने ते वापरू नये.

उत्तर – निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक (बीड)

प्राध्यापक महोदयांनी शास्त्र नेमके सांगितले आहे, म्हणून मी केवळ गावपातळीवरचे सांगतो. बालाघाट डोंगररांगेच्या बाजूच्या गावांत मी नव्याने नोकरीला लागलो, तेव्हा नारू हा प्रामुख्याने उन्हाळ्याचा रोग असल्याचे आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवले गेले. चैत्र-वैशाखात बारवेचे पाणी तळाला जाई, उरलेल्या पाण्यात सायक्लॉप्स दाट होत आणि घागर भरण्यासाठी प्रत्येकाला शेवटच्या पायरीपर्यंत उतरून पाय पाण्यात घालावाच लागे. त्या वेळी लागण झालेल्या माणसाचा नारू पुढच्या वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर फुटे आणि घरातला कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे बाजेवर पडून राही. पेरणी हुकली म्हणजे वर्ष हुकले, त्यामुळे या रोगाने माणसे क्वचितच मरत असली तरी घरे मात्र बसत.

यावर औषध नव्हते, लस नव्हती, आणि एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही असेही नव्हते. फोड फुटल्यावर बाहेर आलेले टोक काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा नारू ओढायचा, जखम स्वच्छ ठेवायची आणि त्या माणसाला पाण्यात उतरू द्यायचे नाही, एवढाच उपाय होता. घाईने ओढून नारू आत तुटला तर पाय सुजून पू होई आणि मूळ दुखण्यापेक्षा ते निस्तरणे कठीण जाई. गावोगावी काडी फिरवण्यात तरबेज माणसे असत. त्यांच्या हाताला आलेला धीर आमच्यातील काही शिकलेल्यांच्या हाताला नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

कार्यक्रमात आम्ही पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात टेमेफॉस हे कीटकनाशक टाकत असू, कारण ब्लीचिंग पावडरच्या नेहमीच्या मात्रेला सायक्लॉप्स दाद देत नाही. घरोघरी दुहेरी कापडाने पाणी गाळायला सांगत असू. तरीही नारू गेला याचे मोठे श्रेय मी हापशाला देतो. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर घेण्याचे काम वाढले आणि बोअरच्या बंद पाण्यात पाय बुडवण्याची सोयच राहिली नाही. विशेष म्हणजे, पुढे देशभर पोहोचलेल्या इंडिया मार्क टू या हापशाच्या आधीच्या पिढीतला एक हातपंप जालन्यात, तेथील मिशनच्या पाणीपुरवठ्याच्या कामातून आकाराला आला आणि जालना पंप याच नावाने ओळखला गेला. हापशाचा इतिहास लिहिणारे जालन्याचा उल्लेख करतात, आपल्याकडे मात्र तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

पायऱ्या बंद करण्याविषयी बोलायचे, तर बारवांना पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत घालून वर कठडा आणि रहाट बसवणे हा त्या काळी योग्य उपाय होता, कारण तेव्हा तेच पाणी पिण्यात होते. आपल्या गावात आज नळयोजना किंवा बोअर असेल, तर त्या भिंतीने काहीही साधणार नाही.

उत्तर – क्ष-किरणतज्ज्ञ (लातूर)

प्रश्नकर्त्याच्या आजींचा उल्लेख वाचून एक मुद्दा जोडतो. त्वचेपर्यंत न पोहोचता शरीरातच मेलेल्या नारूवर कालांतराने कॅल्शियम साचते आणि गुडघ्याच्या किंवा पोटरीच्या एक्स-रेमध्ये हाडालगत मऊ ऊतीत वेटोळ्यांची किंवा तुटक दोऱ्यासारखी पांढरी सावली दिसते. वयस्कर रुग्णांचा एक्स-रे मोडलेल्या हाडासाठी किंवा संधिवातासाठी काढला, की ही सावली अचानक समोर येते आणि तरुण डॉक्टर गोंधळतात, कारण त्यांनी नारू पुस्तकातच पाहिलेला असतो. तो मेलेला असतो, पसरत नाही आणि त्रास नसेल तर त्यावर उपचारही लागत नाही. आजींचा कधी असा एक्स-रे निघालाच, तर नारू झाल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रतिसाद – हिंगोलीचा वाचक

वरील सर्व मान्य करूनही एक शंका उरते. आफ्रिकेत कुत्र्यांना नारू होत असल्याचे वाचनात आले आहे. आमच्याकडे बारवेत मोकाट कुत्री पाणी पितात. माणसात रोग नसला तरी कुत्र्यांमधून तो टिकून राहिला असेल, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर – निवृत्त प्राध्यापक, प्राणिशास्त्र (नांदेड)

शंका रास्त आहे. चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांमध्ये नारूची लागण मोठ्या प्रमाणावर आढळू लागली आणि जगातून नारू संपवण्याचे काम लांबण्यामागे ते एक प्रमुख कारण ठरले. १९८६ मध्ये जगभरात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता आणि २०२३ मध्ये माणसांतील नोंद अवघ्या १४ वर आली, तरी कुत्र्यांमुळे शेवटचा टप्पा सरत नाही. मात्र तेथील परिस्थिती वेगळी आहे. चारी नदीच्या काठी मासेमारी चालते, माशांची आतडी आणि बारीक मासे कुत्र्यांपुढे टाकले जातात, आणि अळ्या गिळलेले मासे व बेडूक यांच्यामार्फत कुत्र्यांना लागण होते, असे संशोधकांचे मत आहे. म्हणून तेथे आतडी पुरण्यावर आणि बाधित कुत्री बांधून ठेवण्यावर भर दिला जातो. भारतात माणसांतील साखळी तुटताच रोग थांबला. कुत्र्यांत तो जोमाने टिकून असता तर बारवांचे, तळ्यांचे पाणी पिणाऱ्या माणसांत १९९६ नंतर तो कोठेतरी उमटलाच असता.

प्रतिसाद – जिंतूरकर (जि. परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. किडा आज गावातील डॉक्टरांकडून मिळालेल्या अल्कोहोलमध्ये ठेवला असून पुढील आठवड्यात परभणीला नेणार आहे. पिण्यासाठी गावात नळाचे पाणी आहे. तरीही बारव साफ झाल्यावर काही मंडळी देवाला आणि उपवासाच्या दिवशी तिचेच पाणी भरतील, हे नक्की. त्यांना काय सांगावे? एका कार्यकर्त्याने टेमेफॉस टाकण्याचे सुचवले आहे.

उत्तर – निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक (बीड)

टेमेफॉस टाकू नये. ज्या रोगासाठी ते टाकले जाई तो रोग येथे नाही, आणि कीटकनाशक मनाने वापरण्याची वस्तू नव्हे. देवाच्या पूजेला पाणी न्यायला हरकत नाही, परंतु तीर्थ म्हणूनही ते कच्चे पिऊ नये. उघड्या बारवेत पावसाबरोबर वरची घाण येते, आणि तिच्यातून जिआर्डिया, आमांशाचा अमीबा, जंतांची अंडी यांसारखे परजीवी पोटात जाण्याची भीती नारूपेक्षा कितीतरी खरी आहे. जिआर्डियाचे कोश क्लोरीनला सहज बळी पडत नाहीत, त्यामुळे पावडर टाकली म्हणून पाणी निर्धोक झाले, असे समजू नये. प्यायचेच असेल तर गाळून खळखळ उकळावे.

ग्रामसभेत बोलण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करावी. काचेच्या स्वच्छ पेल्यात बारवेचे पाणी घेऊन तो उन्हाकडे धरावा. मिलिमीटरभराचे पांढुरके ठिपके झटके देत वर-खाली सरकताना दिसले, तर ते बहुधा सायक्लॉप्स असतील, आणि भिंगातून पाहिल्यास डोक्यावरचा एकच डोळा व मादीच्या शेपटीजवळ लोंबणाऱ्या अंड्यांच्या दोन पिशव्याही दिसतील. आजीला तो पेला आधी दाखवा, आणि पायऱ्यांवर भिंत घालण्याऐवजी वरून कचरा व पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून काठाला बांध घालण्याचा ठराव मांडा.