आईसारखं माझंही होईल का?

प्रश्न: आईला डिमेन्शिया होता. शेवटी शेवटी ती ब्लाउजचं बटण बोटांत धरून बसायची, काज कुठंय तेच सापडायचं नाही. मी आता ५२ची. काल एका ओळखीच्या बाईंचं नाव आठवेना, रात्रभर डोळा लागला नाही. आत्तापासून काय करू?

उत्तर: आधी कान तपासून घ्या, मनापासून सांगते. माझे वडील कितीतरी वर्षं नुसतं "हं हं" करत मान हलवायचे. आम्हाला वाटायचं, विसरतात. खरं तर ऐकूच येत नव्हतं! मशीन लावल्यावर पुन्हा गप्पांत आले. ऐकू येईना की माणूस एकटा पडतो, मेंदूला खाद्य मिळत नाही.

उत्तर: रक्तदाबही बघा. चाळिशीपासून वरचा आकडा १३०च्या आत हवा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं दिलीत. मधुमेह, धूम्रपान, बैठं आयुष्य, वाढलेलं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, अधू नजरसुद्धा. सगळी आटोक्यात आली तर जगभरातले सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील. हमी नाही, पण रोज झपझप चाला.

प्रश्नकर्ती: कानांचं डोक्यातच आलं नव्हतं. मुलगा सारखा टीव्हीचा आवाज कमी करतो... उद्याच डॉक्टरांची वेळ घेते.