लबाड : नुसता धूर्त, की खोटं बोलणारा?

'लबाड' या शब्दावरून माझं पुण्यात भांडण व्हायचं, ते राहूनच गेलं. हॉस्टेलवर खोलीतली मुलगी शपथेवर सांगत होती की मेसचे पैसे तिने भरलेत. भरले नव्हते, मला माहीत होतं. मी तडकून म्हटलं, "लबाड बोलू नको." तर ती खुदकन हसली. तिच्या लेखी लबाड म्हणजे गोष्टीतला कोल्हा. लबाड माणूस असतो, लबाड हसू असतं, पण लबाड 'बोलतात' कसं? आणि मला कळेना, हिला मी चक्क खोटारडी म्हटलंय आणि हिला राग कसा येत नाही.

आमच्या बार्शीकडे हा शब्द खोट्याचाच. आजी गुळाची ढेप फडक्यात बांधून फळीवर ठेवायची. कोपरा फुटलेला दिसला की मला समोर उभं करायची. "खाल्लास का?" "न्हाई." "लबाड बोलती व्हय? जीभ दाव." लबाड बोलणं, लबाड सांगणं, 'समदं लबाड हाय' म्हणजे सगळं खोटं आहे. यात धूर्तपणा लागतच नाही. अगदी बावळटसुद्धा लबाड बोलू शकतो, आणि लगेच सापडतो.

म्हणीतही तोच अर्थ आहे : 'लबाडाचं आवतन जेवल्याबिगर खरं न्हाई.' आवतन म्हणजे जेवायचं बोलावणं. शब्द दिला म्हणून आपण हात धुऊन बसू नये, पोटात घास गेला की मग खरं मानावं. इथे लबाडच्या समोर 'खरं' उभं आहे, हे बघा. कोल्ह्याचा अर्थ घेतला तर म्हण अर्धीच कळते. सरकारच्या घोषणांवर शेतकरी अजून हीच म्हण फेकतात.

मराठी बायबलातही सैतान 'लबाडीचा बाप' आहे (योहान 8:44). तिथे मुद्दा असा आहे की त्याच्या ठायी सत्य नाही. म्हणजे हा अर्थ केवळ खेड्यातल्या बोलीचा आणि म्हणून 'अशुद्ध', असं कुणी म्हणू नये. माझा अंदाज, शहरी बोलण्यात 'खोटं' या एका शब्दाने सगळी जागा व्यापली आणि लबाडला कोल्ह्याकडे ढकललं.

खोटंची हद्द तशीही मोठी आहे. नाणं खोटं असतं, दागिना खोटा असतो, दात खोटे असतात. लबाड नाणं कुठेच नाही. लबाडीला जीभ नाहीतर नियत लागते.

व्युत्पत्ती देणारे संस्कृत 'लप्' कडे नेतात. लप् म्हणजे बोलणं, बडबडणं. प्रलाप, विलाप, आलाप त्यातलेच. आलाप आणि लबाड एका घरचे, हे ऐकायला गोड वाटतं. पण मला तो 'ब' खटकतो. दोन स्वरांमधल्या 'प'चा मराठीत 'व' होतो : दीपचा दिवा, तापचा ताव, सपत्नीची सवत. त्या हिशेबाने 'लवाड' व्हायला हवं होतं. जाणकारांनी बोलावं. ('लुबाडणे'शी नातं जोडायचा मोह होतो, पण नुसत्या आवाजावर सोयरीक जुळवू नये.)

तुमच्याकडे लबाड 'असतो' की लबाड 'बोलतात'? गावाकडचा भागही सांगा.

—

प्रतिसाद : मी पत्रकार म्हणून बारा वर्षं क्राइम बीट केलं, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या. चोरीच्या फिर्यादीत एक वाक्य ठरलेलं : 'कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे संमतीशिवाय स्वतःच्या फायद्याकरिता मुद्दाम लबाडीने चोरून नेली.' नवीन असताना मला हसू यायचं. मोटारसायकल लबाडीने नाही तर काय प्रामाणिकपणे चोरणार? मग एका वकिलाने समजावलं. चोरीच्या व्याख्येत (जुनं दंड संहितेचं कलम 378, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचं 303) वस्तू ताब्यातून संमतीशिवाय काढली पाहिजे आणि हेतू अप्रामाणिक पाहिजे. अप्रामाणिक म्हणजे एकाला गैर लाभ किंवा दुसऱ्याला गैर हानी करायचा हेतू. ठाणे अंमलदाराचं ते रटाळ वाक्य ही व्याख्याच आहे, एकेक शब्द मोजून घातलेला. चोर एक अक्षरही बोललेला नसतो, तरी लबाडी होते. तेव्हा तुमच्या 'जीभ नाहीतर नियत' मधली नियत इथे आली.

—

प्रतिसाद : माझं शिक्षण हिंदीतून झालं म्हणून सांगते. तिकडे 'लबार' आहे, अर्थ खोटारडा, बाता मारणारा. रामचरितमानसात लंकाकांडात रावण अंगदाला म्हणतो की वालीने कधी अशा फुशारक्या मारल्या नव्हत्या, तपस्व्यांच्या संगतीने तू लबार झालास. त्यावर अंगद म्हणतो, वीस हातांच्या रावणा, तुझ्या दहाही जिभा उपटल्या नाहीत तर मी खरंच लबार. तुमच्या आजीची परंपरा बरीच जुनी दिसते! गुजरातीतही लबाड म्हणजे खोटं बोलणारा.

—

प्रतिसाद : गोव्यात खोट्याला आमचं कोकणी 'फट'. फट मारली म्हणजे थाप मारली, फटयलो म्हणजे फसवला. खोटं बोलणारा तो 'फटींग'. मराठीत फटिंग म्हटलं की उनाड, उंडगा. एकदा सांगलीच्या मित्राला मी लाडाने फटींग म्हटलं, तो म्हणाला, "मी कुठं फिरतो रे, दिवसभर दुकानातच तर असतो."

—

प्रतिसाद : सगळं मान्य. पण मग पाळण्यातल्या बाळाला आपण "लबाडा!" म्हणतो ते कशात बसवणार? त्याला ना बोलता येत, ना नियत.

—

मूळ लेखिका : यावर काल भाची झोपवताना विचार केला. ती हसली म्हणून, दूध प्यायली म्हणून कुणी लबाड म्हणत नाही. थोपटून थोपटून हात दुखला, डोळे मिटले, श्वास संथ झाला, मी हळूच उठले आणि मागे वळून पाहिलं तर एक डोळा किलकिला. तेव्हा तोंडून आलं, "लबाडे, जागी आहेस होय!"