मदत हवी आहे: एचआरव्ही मोजताना औषधांचा परिणाम वेगळा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. नैराश्य आणि स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते) मोजायची आहे. एचआरव्ही मोजण्याच्या १९९६च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ५ मिनिटांचं रेकॉर्डिंग, छातीचा पट्टा, आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांमधल्या अंतरांच्या फरकावरून काढलेलं एचआरव्हीचं माप), इथवर ठरलंय. अडचण औषधांची आहे. क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं), अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं) यांनीच एचआरव्ही खाली येते. मग त्यात आजाराचा वाटा किती, हे कसं ओळखायचं? मोजणीसाठी कुणाचं औषध थांबवणं मला अजिबात मान्य नाही.

शिवाय ओला पट्टा छातीला लागला की काहीजण धास्तावतात, “यातून काय ऐकताय?” विचारतात, आणि नाडी लगेच वाढते. मनगटावरचं घड्याळ त्यांना चालतं, पण हात जरा हलला की ठोके चुकीचे नोंदले जातात. अशा रुग्णांसोबत काम केलेल्यांनी कृपया सांगा, पट्टा बांधल्यावर रेकॉर्डिंगआधी किती वेळ जाऊ देता?