द्राक्ष बागायतदारांच्या सर्वेक्षणासाठी नमुना कसा निवडावा?

प्रश्न: निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांच्या पाणीवापरावर मी प्रबंध लिहीत आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत भेटणाऱ्या शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, तर तो यादृच्छिक नमुना मानता येईल का?

उत्तर १: नाही, तो सोयीचा नमुना, म्हणजे जे सहज भेटतील त्यांचाच नमुना ठरेल. जो बागायतदार आपला माल थेट बांधावरच व्यापाऱ्याला किंवा निर्यातदाराला देतो, तो बाजार समितीत आपणांस भेटणारच नाही आणि त्याची पाणी देण्याची पद्धत कदाचित सर्वांत वेगळी असेल. यादृच्छिक निवडीत यादीतील प्रत्येकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असावी लागते, म्हणून आधी यादी हवी. सातबाऱ्यावरील पीकपाहणीची नोंद हा त्यासाठी चांगला आधार आहे. मात्र एकाच कुटुंबाचे अनेक उतारे असतात, तेव्हा दुबार नावे गाळावीत.

उत्तर २: वरील मताशी सहमत. यादीचे धारणक्षेत्रानुसार स्तर पाडून प्रत्येक स्तरातून चिठ्ठ्या काढाव्यात, अन्यथा मोठे बागायतदार संख्येने थोडे असल्याने नमुन्यातून निसटतात.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. मार्गदर्शकांनी नमुन्यासाठी ३८५ बागायतदार हा आकडा सुचवला आहे. गावे निवडून काम केले तर तो पुरेल का?

उत्तर १: तो आकडा ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून (म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर सुमारे ९५ वेळा अंदाज खऱ्या टक्केवारीच्या पाच टक्के वर-खाली या मर्यादेत यावा), साध्या यादृच्छिक निवडीसाठी काढलेला असतो. एकाच गावातील शेतकरी अनेकदा एकाच कालव्यावर अवलंबून असल्याने त्यांची उत्तरे सारखी येतात. त्यामुळे समूह पद्धतीत, म्हणजे आधी गावे निवडून त्यांतील शेतकरी घेताना, नमुना वाढवावा आणि गावेही अधिक घ्यावीत.