सामायिक गोष्टींचे नियम त्या वापरणाऱ्यांनीच केले तर टिकतात का?

चौकस:
जे सगळ्यांचं, त्याचा बट्ट्याबोळ ठरलेला, असं आपण सहज बोलून जातो. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये हेच मांडलं: सामायिक कुरणात प्रत्येकजण अजून एक जनावर सोडतो आणि कुरण उजाड होतं. पण स्वित्झर्लंडमधल्या त्योर्बेल गावाने १५१७ मध्येच नियम केला होता, की हिवाळाभर जेवढ्या गाई पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर न्यायच्या. मोजायला सोपं, लपवायला अवघड. शिवाय दंड करणाऱ्याला निम्मी रक्कम स्वतःला ठेवता यायची, म्हणजे 'जाऊ दे ना' म्हणायची सोयच नाही! अशा कित्येक व्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माझं म्हणणं सरळ आहे: ज्यांना पाळायचाय त्यांनीच नियम करावा.

आडमुठा:
असहमत. त्याच गावाच्या १४८३ च्या दस्तात काय आहे तेही सांगा की. परक्याने तिथे जमीन विकत घेतली तरी सामायिक कुरणावर त्याला हक्क नाही! सहकार्य आतल्यांचं, बाहेरच्याला दार बंद.

चौकस:
दार बंद होतं, खरंय. पण खाणारी तोंडं किती हेच ठरलं नाही तर वाटणी कशाची करणार?

आडमुठा:
हे गावापुरतं ठीक. समुद्राला कुंपण घाला बघू. न्यूफाउंडलंडचा कॉड मासा इतका संपला की १९९२ मध्ये कॅनडाला त्याची मासेमारीच बंद करावी लागली.

रेवा:
आडमुठेसाहेब, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे १९७७ पासून २०० सागरी मैलांपर्यंत कॅनडा सरकारचाच अंमल होता. किती मासे धरायचे ते वरून ठरायचं. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे ऐंशीच्या दशकात ओरडून सांगत होते की जाळ्यात काही येत नाही. सरकारी अंदाज मात्र भरघोस.

आडमुठा:
कोळ्यांचं ऐकायला हवं होतं, वादच नाही. पण त्याआधी परदेशी ट्रॉलर हाकलले कुणी? गावसभेने? १९७७ ची हद्द आखायलाही सरकारच लागलं ना.

रेवा:
हद्द सरकारने आखावी, हरकत नाही. आतला हिशोब मात्र रोज जाळं ओढणाऱ्याला विचारून करा.