कॅटेकोलामाइनसाठी कॉलम: नवा घ्यावा की आहे तोच चालवावा?

सातपूरकर: नमस्कार मंडळी. रॅटच्या मेंदूच्या ऊतीत आणि प्लाझ्मात नॉरअ‍ॅड्रेनालिन, अ‍ॅड्रेनालिन, डोपामिन (ही तीन कॅटेकोलामाइन) एचपीएलसीवर, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीवर, मोजायचंय. डिटेक्टर इलेक्ट्रोकेमिकल. हाताशी २५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन कणांचा सी-१८ कॉलम (१८ कार्बनच्या साखळ्या लावलेली सिलिका भरलेली नळी) आहे. नॉरअ‍ॅड्रेनालिन सॉल्व्हंट फ्रंटला (कॉलमवर न थांबता सर्वांत आधी बाहेर पडणाऱ्या द्रवाला) चिकटून येतं, डोपामिनच्या पीकला शेपूट. बफर पोटॅशियम फॉस्फेट, पीएच ३, मिथेनॉल ५ टक्के. कॉलम बदलू का?

बफरवाला: आधी मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) बदला, पैसे नंतर घाला. पीएच ३ ला हे तिन्ही अमाइन धनभारित, सी-१८ त्यांना धरणार कसा? सोडियम ऑक्टेन सल्फोनेट (आयन-पेअर: अमाइनशी जोडी जमवून त्यांना कॉलमवर धरणारं) १ ते २ मिलिमोलर घाला. ते वाढवलं की अमाइन मागे सरकतात, म्हणजे उशिरा येतात; डोपॅकसारखी (डोपामिनच्या विघटनातून बनणारी) आम्लं पीएचने हलतात; मिथेनॉल वाढवलं की सगळंच पुढे येतं. ०.१ मिलिमोलर ईडीटीए (धातू बांधून ठेवणारं) विसरू नका, कॅटेकॉल धातूला धरून बसतात.

आणि पोटॅशियम आजच काढा, सोडियम फॉस्फेट वापरा. ऊतीचा अर्क पर्क्लोरिक आम्लात असणार; पोटॅशियम पर्क्लोरेटचा साका गार्ड कॉलमच्या (मुख्य कॉलमआधीच्या छोट्या कॉलमच्या) फ्रिटवर, म्हणजे गाळणीच्या चकतीवर, बसतो आणि प्रेशर चढत जातं. लोक उगाच कॉलमला दोष देतात.

क्रोमॅटो_ताई: बफरवाल्यांशी सहमत. एवढं करूनही शेपूट राहिलं तर मात्र कॉलम जुन्या धाटणीच्या सिलिकाचा असणार, उघडे सिलॅनॉल (सिलिकावरचे मोकळे हायड्रॉक्सिल गट) अमाइनला ओढतात. मग उच्च शुद्धतेच्या सिलिकाचा, एंडकॅप्ड (सिलॅनॉल झाकलेला), १५० × ३ मिमी, ३ मायक्रॉनचा घ्या. फ्लो मिनिटाला १ ऐवजी ०.४ मिली ठेवा. तेवढ्याच इंजेक्शनला पीक उंच मिळतं. मिथेनॉल ५ टक्क्यांच्या खाली न्यायचं असेल तर जलीय फेज सोसणारा सी-१८च हवा, नाहीतर पंप थांबला की छिद्रांतून पाणी निघून जातं आणि रिटेन्शन (कॉलमवर थांबण्याचा वेळ) कोसळतं.

प्लाझ्मा थेट टोचू नका. डीएचबीए (अंतर्गत मानक) आधी घाला, मग पीएच ८.६ ला अ‍ॅल्युमिना (कॅटेकॉल धरून ठेवणारी पूड). त्या पीएचला कॅटेकॉल भराभर ऑक्सिडाइज होतात, तिथे रेंगाळू नका.

कॉलम ओव्हन ३० अंशांवर लावाच. नाशिकच्या थंडीत पहाटेचं आणि दुपारचं रिटेन्शन जुळत नाही.

सातपूरकर: धन्यवाद ताई. हाच कॉलम पुढे एलसी-एमएसवर (क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) चालेल?

बफरवाला: नाही. ऑक्टेन सल्फोनेट कॉलममधून पुरतं धुऊन निघत नाही, आणि मासमध्ये ते सिग्नल दाबतं. तिथे वेगळा पीएफपी (पेंटाफ्लुओरोफिनाइल) कॉलम, ०.१ टक्के फॉर्मिक आम्ल. ह्या कॉलमवर आजच मार्करने ‘फक्त आयन-पेअर’ लिहून ठेवा.