सिग्नलवरचं डेसिबल मीटर परत आणा, आणि या वेळी कायमचं

तिसरा_मजला:
मुंबई पोलिसांचा 'पनिशिंग सिग्नल' आठवतोय? २०२०च्या जानेवारीत व्हिडिओ फिरला होता. सीएसएमटी, पेडर रोड, हिंदमाता अशा काही ठिकाणी सिग्नलला मीटर जोडला. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. सगळे हसले, फॉरवर्ड केलं, विषय संपला.

मला तो गमतीचा विषय वाटत नाही. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या १९४एफ कलमात दंड आहेच, पहिल्यांदा १००० रुपये, नंतर २०००. पण पन्नास गाड्यांच्या गर्दीत वाजवला कोणी, आणि तो विनाकारणच होता, हे हवालदाराने ठरवायचं कसं? मीटरला या भानगडीत पडावंच लागत नाही. लाल दिवा हॉर्नने हिरवा होत नसतो, म्हणजे तिथला जवळजवळ प्रत्येक हॉर्न विनाकारण.

बेस्टने_जाणारा:
म्हणजे मागच्या एका टेम्पोवाल्याला खाज सुटणार आणि बसमधले आम्ही सगळे लटकणार. शाळेत एकाने शिट्टी मारली की मास्तर अख्ख्या वर्गाला अंगठे धरायला लावायचे, तसला न्याय झाला. मागे अॅम्ब्युलन्स असेल तर काय करणार? सायरनसुद्धा मीटर मोजणारच की.

तिसरा_मजला:
अॅम्ब्युलन्सचा मुद्दा रास्त आहे. सायरन ओळखून मीटर थांबवता आला पाहिजे, नाहीतर माझाही विरोध.

मीटरने_चला:
मी ठाण्यात रिक्षा चालवतो. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, त्यामुळे माणसं रस्त्यावर. समोरून उलट्या बाजूने डिलिव्हरीवाला. हॉर्न नाही दिला तर अंगावर येतात, आणि ठोकलं की पब्लिकचा पहिला सवाल काय? "हॉर्न का नाही मारला?" आधी रस्ता मोकळा करून द्या साहेब, मग आमचा हॉर्न काढा.

तिसरा_मजला:
दादा, मी चालत्या गाडीचं बोलतच नाहीये. उभ्या गाडीतून वाजवण्याचं बोलतोय.

मीटरने_चला:
उभ्याचंही सांगतो. दिवा हिरवा झाला तरी पुढचा मोबाईलमध्ये घुसलेला असतो. आम्ही काय हात जोडायचे?

सांधा_खडखड:
तुमच्या भांडणात मोठा आवाज सुटतोय. फ्लायओव्हरला खिडकी लागून असलेल्याला विचारा, रात्री दोनला तिथे हॉर्न कोण मारतंय? कारने साधारण ताशी ५० किलोमीटर ओलांडले की इंजिनापेक्षा टायर आणि रस्त्याच्या घर्षणाचा आवाज वरचढ होतो. म्हणून इलेक्ट्रिक गाड्या आल्या की शांतता होईल ही आशा गल्लीत खरी, हायवेवर नाही. गाड्या निम्म्या केल्यात तरी आवाज घटतो जेमतेम ३ डेसिबलने. म्हणून मी वेग आणि रस्त्याचा पृष्ठभाग धरून बसतो. मुंबईत सरसकट काँक्रीटीकरण चाललंय, खड्डे जातात हे मान्य. पण काँक्रीट सहसा डांबरापेक्षा जास्त गाजतं, हे टेंडर काढताना कोण विचारतं? नॉइज बॅरियर लावतात, त्याचा फायदा भिंतीआड लपणाऱ्या मजल्यांना. वरच्यांना रस्ता दिसतो तसा ऐकूही येतो.

निवासी भागाची आवाजाची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. आणि गाडीच्या हॉर्नला मानकच ९३ ते ११२ डेसिबलचं! तुमच्या ८५च्या मीटरजवळ एकाने जरी कायदेशीर हॉर्न दिला तरी सिग्नल अडकेल.

तिसरा_मजला:
अडकू दे, तेच हवंय. रस्त्याचा पृष्ठभाग बदलायला वर्षं जातील, सिग्नलचं काम त्यामानाने किरकोळ. आणि मानक ११२चं असेल तर तेही खाली आणा, त्याला कोणाची ना आहे?

बेस्टने_जाणारा:
माझी आहे! हॉर्न बारीक केलात की लोक जास्त वेळ दाबून धरतील. आपली माणसं मला माहीत आहेत.

मीटरने_चला:
आणि त्या बुलेटवाल्यांचं काय? सायलेन्सर बदलून फटाके फोडत जातात, मीटर वाढवून पळून जातील आणि सेकंद मोजत बसू आम्ही. ते सायलेन्सर विकणाऱ्या दुकानांवर आधी जा. ती दुकानं आमच्या स्टँडवरच्या कोणालाही माहीत आहेत.